मूल्यांचा रकाना आणि चुकलेलं उत्तर

छात्राध्यापकांच्या, म्हणजे शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेणाऱ्यांच्या, सराव पाठांना गुण देताना ‘व्यावसायिक मूल्यं’ असा वेगळा रकाना असावा की नसावा, हा वाद शिक्षक-प्रशिक्षणाच्या क्षेत्रात पुन्हा पुन्हा पेटतो आणि दर वेळी त्याच दोन टोकांवर येऊन थांबतो. रकाना हवा म्हणणाऱ्यांच्या यादीत वक्तशीरपणा असतो, नीटनेटका पोशाख असतो, वेळेवर तपासून घेतलेलं पाठ टाचण असतं, मुलांशी सौम्य बोलणं आणि शाळेच्या शिस्तीचा मान राखणं असतं. रकाना नको म्हणणाऱ्यांचं म्हणणं, विशेषतः गणिताच्या बाबतीत, असं की हा विषयच मूल्यांपलीकडचा आहे. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश भरते. शिकवणाऱ्याच्या सचोटीने ती वाढत नाही की घटत नाही. तेव्हा आधी विषय पक्का करा, वर्ग सांभाळायला शिकवा, मूल्यं पुढे अनुभवाने येतील. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न बोलता मान्य करून टाकली आहे: गणित एकीकडे आणि मूल्यं दुसरीकडे. माझा विरोध याच गृहीताला आहे. गणित शिकवणाऱ्याची व्यावसायिक मूल्यं गणित शिकवण्याच्या कृतीतच असतात. चुकलेल्या उत्तराचं तो काय करतो, न येणाऱ्या प्रश्नाला कसा सामोरा जातो, फळ्याजवळ कोणाला बोलावतो, ‘नियमच आहे तसा’ या शब्दांचा आधार किती वेळा घेतो, यांतून ती दिसतात. आणि आज सराव पाठ ज्या रीतीने घेतले जातात, त्यात नेमकी हीच मूल्यं पाळणाऱ्याचे गुण कापले जातात. रकान्याच्या भांडणात हे बोललंच जात नाही.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणू. भागाकारावरचा पाठ चालू आहे. मागच्या बाकावर निरीक्षक गुण आणि शेरे नोंदवायचा तक्ता घेऊन बसले आहेत. छात्राध्यापिकेने फळ्यावर दोन नियम लिहिले आहेत: शून्याला कोणत्याही संख्येने भागलं तर उत्तर शून्य, आणि कोणत्याही संख्येला त्याच संख्येने भागलं तर उत्तर एक. एक मुलगी हात वर करते. ‘बाई, मग शून्याला शून्यानेच भागलं तर शून्य की एक?’ प्रश्न फार मोलाचा आहे, कारण दोन्ही नियम अपुरे लिहिले गेलेत हे त्या मुलीने पकडलं आहे. प्राचीन भारतीय गणितज्ञ ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये या भागाकाराचं उत्तर शून्य असं दिलं होतं. शून्य आणि ऋण संख्यांच्या गणिताचे नियम घालून देणाऱ्या एवढ्या थोर गणितज्ञाचं उत्तरही आज आपण स्वीकारत नाही. उलट्या बाजूने विचारावं, शून्याला कितीने गुणलं की शून्य येतं? कोणतीही संख्या चालते. ठरावीक एक उत्तर मिळत नाही, म्हणून या भागाकाराला अर्थ दिलेला नाही. हे सगळं त्या छात्राध्यापिकेला त्या क्षणी सुचेलच असं नाही, आणि न सुचण्यात काही गैर नाही. पण पुढे काय करायचं हे तिला ठरवावं लागतं. ‘हे आपल्या अभ्यासक्रमात नाही, खाली बस’ असं म्हणता येतं. मनाला येईल ते उत्तर ठासून सांगता येतं. किंवा म्हणता येतं, ‘तू माझे दोन्ही नियम अडचणीत आणलेस. मला आत्ता नीट सांगता येणार नाही. उद्या आपण यावर बोलू.’ शेवटची वाट प्रामाणिक आहे आणि गणिताला धरून आहे, पण तक्त्यात तिच्यासाठी ‘आशयावर प्रभुत्व नाही’ असा शेरा तयार असतो. पहिल्या वाटेने जाणाऱ्याचा पाठ वेळेत संपतो आणि वर्गनियंत्रणाचे गुणही मिळतात. अशा व्यवस्थेत मूल्यांचा आणखी एक रकाना आखून काय साधणार?

रकान्याच्या समर्थकांचा एक मुद्दा मात्र मी मनापासून मान्य करतो. वक्तशीरपणा आणि तयारी या वरवरच्या गोष्टी नाहीत. सराव पाठात छात्राध्यापक शिकत असतो तो मुलांच्या वेळेवर, आणि तो वेळ देता का असं मुलांना कोणी विचारलेलं नसतं. तयारी न करता त्यांच्यापुढे उभं राहणं हा त्यांचा अपमान आहे. शिवाय निकष लिहिलेले असले की नवख्या माणसाला संरक्षण मिळतं. नाहीतर निरीक्षकाची मर्जी हाच निकष होऊन बसतो. म्हणून या गोष्टी किमान अट म्हणून राहाव्यात. पण तपासणाऱ्याला जे सहज दिसतं तेवढंच मोजायला लागलं की काय घडतं, याचं उदाहरण इतिहासात आहे. इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित संहितेने शाळांचं अनुदान मुलांच्या हजेरीशी आणि वाचन, लेखन, अंकगणिताच्या तपासणीशी जोडलं. सरकारी पैसा खर्च होतोय तर प्रत्येक मूल शिकलं पाहिजे, हा हेतू वाईट नव्हता. झालं असं की तपासनीस ज्या पुस्तकातून वाचायला सांगणार ते पुस्तक मुलं तोंडपाठ करू लागली आणि अनुदान मिळवून न देणारे विषय मागे पडले. कवी मॅथ्यू आर्नल्ड स्वतः शाळा तपासनीस होते. शिकवणं यांत्रिक होत चालल्याची तक्रार ते करत राहिले. तरी ती पद्धत पुरती मोडायला १८९० चं दशक उजाडावं लागलं. आजच्या सराव पाठांकडे पाहा. आदल्या दिवशी मुलांना प्रश्न सांगून ठेवायचे, ठरलेल्या मुलांकडून ठरलेली उत्तरं वदवून घ्यायची, ‘आज निरीक्षण आहे, तेवढं सांभाळून घ्या’ अशी विनवणी करायची, हे प्रशिक्षणातून गेलेल्या कोणाला नवं आहे? ही लबाडी छात्राध्यापकाच्या स्वभावातून येत नाही. न अडखळता पार पडलेल्या पाठाला गुण मिळतात, हे त्याला आपल्या व्यवस्थेनेच शिकवलेलं असतं. आणि वर्गातली मुलं हे सगळं पाहत असतात. गणितात उत्तर कसं आलं यापेक्षा ते वेळेवर येणं महत्त्वाचं, हा धडा त्यांनाही मिळतो.

मूल्य कृतीच्या आत असतं म्हणजे काय, हे मला वैद्यकाच्या इतिहासातून सर्वांत स्पष्ट दिसतं. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात १८४० च्या दशकात दोन प्रसूतिकक्ष होते. एकात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. विद्यार्थ्यांच्या कक्षात १८४६ मध्ये सुमारे ११ टक्के बाळंतिणी दगावल्या. सुईणींच्या कक्षात तीन टक्क्यांहून कमी. तिथले डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांच्या लक्षात आलं की विद्यार्थी शवविच्छेदन करून येतात आणि त्याच हातांनी स्त्रियांना तपासतात. मे १८४७ पासून त्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. १८४८ मध्ये विद्यार्थ्यांच्या कक्षातलं प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास आलं. त्या विद्यार्थ्यांना कोणी निर्दय म्हणू शकत नव्हतं. ते वेळेवर येत असतील, अदबीने बोलत असतील. त्यांच्या सद्वर्तनाला कितीही गुण दिले असते तरी एकही स्त्री वाचली नसती. रुग्णाबद्दलची कळकळ हात धुण्याच्या कृतीत उतरली तेव्हा माणसं जगली. आणि अनेक ज्येष्ठ डॉक्टरांनी ते स्वीकारायला नकार दिला, कारण स्वीकारणं म्हणजे आपल्याच हातून मृत्यू घडले हे मान्य करणं होतं. ही तुलना फार ताणू नये. गणिताच्या तासाला कोणी मरत नाही. वर्गातलं नुकसान हळू होतं आणि त्याची नोंद कुठेच होत नाही, एवढाच फरक. गणिताची भीती घेऊन मोठ्या झालेल्या माणसाला विचारलं, तर तो बहुधा एखाद्या प्रमेयाबद्दल बोलणार नाही. फळ्यासमोर उभं असताना ऐकलेलं एखादं वाक्य सांगेल.

आता रकाना नको म्हणणाऱ्या दुसऱ्या बाजूकडे वळू, कारण तिचा मुद्दा अधिक वजनदार आहे. विषयज्ञानाशिवाय सद्भाव फोल आहे, असं ते म्हणतात, आणि ते बरोबर आहे. गणित-शिक्षणाच्या अभ्यासक लीपिंग मा यांच्या १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शिक्षकांना पावणेदोनला अर्ध्याने भागायला सांगितलं होतं. चीनमधल्या ७२ च्या ७२ शिक्षकांनी बरोबर उत्तर काढलं. अमेरिकेतल्या २३ पैकी निम्म्यांनाही ते जमलं नाही. या भागाकाराला साजेसा प्रसंग रचा, असं सांगितल्यावर तर अमेरिकेतल्या बहुतेक सगळ्यांची गाडी अडली. अनेकांनी अर्ध्याने भागण्याऐवजी दोनाने भागण्याची गोष्ट सांगितली. ज्याला हा फरकच दिसत नाही, तो कितीही प्रेमळ असला तरी मुलांच्या हाती चुकीची कल्पना देणार. इथपर्यंत मी त्यांच्याबरोबर आहे. पण यातून ‘आधी ज्ञान, मग मूल्यं’ हा क्रम कसा निघतो? ‘दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणा’ हा नियम आपल्याला पाठ आहे, त्याचं कारण ठाऊक नाही, हे छात्राध्यापकाला टाचण लिहिताना जाणवतं. त्या रात्री तो कारण शोधायला बसतो की नियम रंगीत खडूने चौकटीत लिहायचं ठरवतो? हा प्रश्न ज्ञानाचा आहे की सचोटीचा? मला तो दोन्हींचा वाटतो आणि तोडता येत नाही. आपल्याला काय कळलेलं नाही याची नोंद घेण्याची सवय नसेल, तर ज्ञान वाढण्याचा रस्ताच बंद होतो. ‘दहाने गुणायचं तर पुढे शून्य लावा’ असं सांगून मोकळा होणारा शिक्षक अज्ञानी असतोच असं नाही. अडीचला दहाने गुणताना, २.५ वर हा नियम कोसळतो हे त्याला ठाऊक असतं. आजचा पाठ निभावला की झालं, २.५ पुढच्या इयत्तेतल्या कोणाची तरी डोकेदुखी आहे, असा हिशेब त्यामागे असतो. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ हेही तसंच. समीकरणाच्या दोन्ही बाजूंवर एकच क्रिया करतो म्हणून हे घडतं, हे सांगायला चार मिनिटं जास्त लागतात. ती द्यायची की नाही, हा मूल्यांचा निर्णय आहे.

मुलाच्या डोक्यात काय चाललंय हे विचारायचंच नाही असं ठरवलं, तर काय होतं? गणित-शिक्षणाचे संशोधक स्टॅन्ली अर्लवँगर यांनी १९७३ मध्ये बेनी नावाच्या बारा वर्षांच्या मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. मुलं आपापल्या गतीने प्रश्नपत्रिका सोडवतात आणि उत्तरतालिकेवरून त्या तपासल्या जातात, अशा कार्यक्रमात तो शिकत होता, आणि त्याची प्रगती चांगली मानली जात होती. अर्लवँगर यांनी शेजारी बसून विचारलं तेव्हा कळलं की २/१० म्हणजे १.२ आणि ५/१० म्हणजे १.५ असं तो मानतो: अंश आणि छेद मिळवायचे आणि मध्ये दशांश चिन्ह द्यायचं. गणित म्हणजे कोणीतरी ठरवलेल्या नियमांचा साठा, आणि आपलं उत्तर बरोबर की चूक हे तालिका सांगेल, अशी त्याची पक्की समजूत झाली होती. त्याच्याशी कोणी वाईट वागलं नव्हतं; ‘हे कसं काढलंस?’ एवढं विचारलं गेलं नव्हतं. फ्रान्समध्ये ग्रनोबलच्या संशोधकांनी १९८० च्या सुमारास लहान मुलांना एक विचित्र गणित घातलं: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या संख्यांची काहीतरी आकडेमोड करून वय सांगितलं. ही मुलं मूर्ख होती का? मुळीच नाही. बाईंनी गणित घातलं म्हणजे उत्तर असतंच, आणि ते दिलेल्या आकड्यांतूनच निघतं, हा वर्गातला अलिखित करार त्यांनी इमानाने पाळला. तो करार रोजच्या तासांत लिहिला जातो आणि छात्राध्यापक त्याच्या पहिल्या पाठापासून त्यात भर घालू लागतो. ‘हे गणित मला पटत नाही’ म्हणणाऱ्या मुलाला तो कसं ऐकून घेतो, यावर त्या कराराची कलमं ठरतात.

इथे न्यायाचाही प्रश्न येतो, आणि तो सराव पाठात फार निष्ठुरपणे सुटतो. निरीक्षण असलेल्या तासाला कोणत्या मुलांना प्रश्न विचारले जातात? जी हमखास बरोबर सांगतील त्यांना. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांमधली संभाषणं ऐकून दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंद थांबतात, आणि ज्यांना ते कच्चे समजतात त्यांच्यासाठी हुशार मुलांपेक्षाही कमी थांबतात. ही वाट पाहणं तीन सेकंदांवर नेलं की मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागतात. म्हणजे ज्याला जास्त वेळ हवा त्याला कमी मिळतो. यात कोणाचा द्वेष नसतो. शांततेची भीती असते, आणि मागे निरीक्षक बसलेले असताना ती दुप्पट होते. सर्व मुलांना समान संधी द्यावी, हे वाक्य प्रत्येक छात्राध्यापक परीक्षेत अचूक लिहितो. ते मूल्य त्याच्यापाशी आहे का, हे त्या दोन जास्तीच्या सेकंदांत कळतं.

यावर अनुभवी शिक्षक म्हणतील, आणि मला ते म्हणणं टाळायचं नाही, की नवख्यावर हे ओझं फार होतं. वर्गाचा गोंधळ, हातातलं टाचण, घड्याळ, फळ्यावरचं अक्षर, यांतच त्याचा जीव मेटाकुटीला आलेला असतो. त्याने आधी तग धरावा, बाकीचं नंतर. सहानुभूती मलाही वाटते. पण या युक्तिवादात असं धरलेलं आहे की छात्राध्यापक मूल्यांच्या बाबतीत कोरी पाटी घेऊन येतो. समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्येच दाखवून दिलं की शिक्षक होऊ पाहणाऱ्याने विद्यार्थी म्हणून हजारो तास शिक्षकांना पाहिलेलं असतं, आणि तीच त्याची खरी शिकाऊ उमेदवारी असते. गणितात झटपट उत्तर देणारा तो हुशार, चूक झाली की खोडरबर, कारण विचारणारा तो तासाचा वेळ खाणारा, ही मूल्यं तो बरोबरच घेऊन येतो. आपण ‘नंतर’ म्हणतो तेव्हा त्या जुन्या मूल्यांना आणखी पक्कं होऊ देतो. आणि घरच्या संस्कारांवर भिस्त ठेवणाऱ्यांना मी विचारीन: २/१० म्हणजे १.२ म्हणणाऱ्या मुलाशी काय बोलायचं, हे कोणत्या घरी शिकवतात?

राहिला मोजण्याचा प्रश्न. मूल्यांना गुण देता येत नाहीत आणि दिले तर ते निरीक्षकाच्या आवडीनिवडीचे ठरतात, या आक्षेपात तथ्य आहे. गप्प, आज्ञाधारक छात्राध्यापकाला मूल्यांचे पूर्ण गुण आणि निरीक्षकाशी मतभेद दाखवणाऱ्याला निम्मे, हा धोका खराच आहे. स्टॅनफर्डमध्ये १९६० च्या दशकात सूक्ष्म अध्यापनाची पद्धत निघाली, तेव्हापासून शिकवण्याचे छोटे छोटे तुकडे करून प्रत्येकाला श्रेणी द्यायची सवय सगळीकडे रुजली. प्रश्न विचारण्याचं कौशल्य, फलकलेखनाचं कौशल्य, आणि आता त्याच ओळीत मूल्यं. त्यामुळे वेगळा रकाना नको, या निष्कर्षाशी मीही येतो, पण वेगळ्या कारणाने: मूल्यं बघायची असतील तर पाठाचा पुरावा बघावा लागेल. जपानमध्ये शिक्षक एकत्र बसून पाठ आखतात, त्यात मुलं कोणकोणत्या प्रकारे विचार करतील हे आधी लिहून काढतात, एक जण पाठ घेतो, बाकीचे मुलांच्या वह्यांजवळ उभे राहून पाहतात, आणि नंतरच्या चर्चेत शिकवणाऱ्यापेक्षा मुलांच्या विचाराबद्दल जास्त बोलतात. सराव पाठात यातलं पुष्कळ आणता येईल. टाचणात ‘अपेक्षित उत्तर’ असतं, तिथेच अपेक्षित चुका आणि त्यांमागची संभाव्य कारणं लिहायला लावा. पाठानंतर निरीक्षकाने शेरा देण्याआधी छात्राध्यापकाला विचारावं: आज चुकलेल्या एका मुलाने तसा विचार का केला असेल? तुमच्या प्रश्नांना कोण बोललं नाही? तुमच्या कोणत्या विधानाबद्दल तुम्हालाच खात्री नव्हती? या प्रश्नांची पोकळ उत्तरं देता येत नाहीत, कारण वह्या समोर असतात. आणि तिसऱ्या प्रश्नाच्या खऱ्या उत्तराला गुण कापायचे नाहीत, हा नियम लेखी असावा. नाहीतर पहिल्याच आठवड्यात सगळे खात्रीशीर होऊन जातील.

निरीक्षकांवरही याची जबाबदारी येते, आणि ती आपण सोयीने विसरतो. वर्षातून एकदा तरी त्यांनी छात्राध्यापकांसमोर अनोळखी वर्गावर गणिताचा पाठ घ्यावा, मुलांना मोकळेपणाने चुकू द्यावं, स्वतःला अडवणाऱ्या प्रश्नापाशी थांबून दाखवावं. न येणं कबूल करून विचार कसा करायचा, हे ज्याने कधी पाहिलंच नाही, त्याने ते करावं अशी अपेक्षा कशी धरायची?

सर्वांत आधी बदलायला हवं ते वेळापत्रक. सुट्या सराव पाठांची चाल अशी की छात्राध्यापक एका वर्गावर एक घटक घेतो आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच वर्गावर जातो. त्याने काही चुकीचं सांगितलं असेल तर ते दुरुस्त करायला त्याला जागाच उरत नाही. विषयशिक्षकाला ते कळलं तर कळलं. ‘काल मी तुम्हाला सांगितलेला नियम अपुरा होता, तो कुठे मोडतो ते आज पाहू’ असं वर्गासमोर म्हणणं, हे मला गणित शिक्षकाचं सर्वांत मोठं व्यावसायिक मूल्य वाटतं, आणि आपली रचना त्याला तशी संधीच देत नाही. म्हणून एका वर्गावर किमान सलग तीन तास एकाच छात्राध्यापकाला द्यावेत, त्यांतल्या शेवटच्या तासाचा काही भाग आधीच्या दोन तासांतल्या चुका आणि अनुत्तरित प्रश्न यांसाठी राखावा, आणि निरीक्षकाने यायचं ते त्याच तासाला. शाळांच्या तासिका जुळवताना ओढाताण होईल, पाठांची एकूण संख्या कदाचित घटवावी लागेल. विषयशिक्षकांची काळजी अशी असते की पाहुण्यांच्या हातात वर्ग दिला की घटक मागे पडतो. पण आज सुटा पाठ झाल्यावर तोच घटक त्यांना पुन्हा शिकवावा लागतो, तो वेळही हिशेबात धरायला हवा.